सूज उतरल्यानंतर : नेत्रातील नीलावरोध आणि दृष्टिपटलाची कृशता

शरीराच्या एखाद्या भागास सूज आली आणि औषधोपचाराने ती उतरली, म्हणजे तो भाग बरा झाला असे आपण सामान्यतः समजतो. मुरगळलेल्या पायाच्या बाबतीत ही समजूत बहुधा खरी ठरते. डोळ्याच्या बाबतीत मात्र ती नेहमीच खरी ठरत नाही. डोळ्यातील नीला, म्हणजे अशुद्ध रक्त परत नेणारी शीर, तुंबली की डोळ्याच्या आतील दृष्टिपटलास सूज येते आणि दृष्टी मंदावते. आज उपलब्ध असलेल्या औषधांनी ही सूज पुष्कळ रुग्णांत उतरते. यंत्राने जाडी मोजून पाहिली तर ती निरोगी डोळ्याइतकी, आणि काही रुग्णांत निरोगी डोळ्याहूनही कमी, भरते. असे असूनही यांपैकी कित्येकांना वर्तमानपत्रातील अक्षरे पूर्वीसारखी वाचता येत नाहीत.

असे का व्हावे? सूज गेली असता दृष्टी का परतू नये? आणि दृष्टिपटल नेहमीपेक्षा पातळ होते, ते औषधामुळे की रोगामुळे? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत करावयाचा आहे.

दृष्टिपटलाची रचना

नेत्रगोलाच्या पाठीमागील भिंतीस आतून अस्तरासारखा लागून असलेला जो नाजूक, पारदर्शक पडदा, तो दृष्टिपटल होय. गर्भावस्थेत तो मेंदूच्याच एका फुगवट्यापासून तयार होतो. म्हणून त्याला मेंदूचा बाहेर आलेला भाग म्हणण्यास हरकत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचे एक लहानसे क्षेत्र असते. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सर्व बारकाव्याची कामे या क्षेत्रावर अवलंबून असतात.

एवढ्या सूक्ष्म वस्तूच्या मोजमापासाठी मायक्रॉन हे परिमाण वापरतात. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. पीतबिंदूच्या मध्यावर एक मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ कल्पिले, तर त्यातील निरोगी दृष्टिपटलाची सरासरी जाडी, यंत्रायंत्रांतील थोडाफार फरक धरून, २५० ते २८० मायक्रॉन, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर असते.

या पाव मिलिमीटरात शरीररचनाशास्त्रज्ञांनी दहा थर मोजले आहेत. त्यांतील बाहेरच्या बाजूस प्रकाशग्राही पेशी असतात. मंद प्रकाशात उपयोगी पडणाऱ्या शलाका आणि रंग व बारकावे दाखविणारे शंकू असे त्यांचे दोन प्रकार आहेत. आतल्या बाजूस निरोप पुढे पोहोचविणाऱ्या मज्जापेशींचे थर असतात. त्यांतील शेवटच्या पेशींना गुच्छिका पेशी म्हणतात. या पेशींचे दहा लाखांहून अधिक तंतू एकत्र येऊन दृष्टिमज्जा बनते आणि ती मेंदूकडे जाते. म्हणजे प्रकाश टिपण्याचे काम बाहेरचे थर करतात आणि टिपलेला निरोप मेंदूकडे धाडण्याचे काम आतले थर करतात.

या दोन्ही भागांचे पोषण मात्र निरनिराळ्या मार्गांनी होते. बाहेरच्या थरांना त्यांच्या पाठीमागे असलेल्या रंजितपटल नावाच्या रक्तवाहिन्यांच्या दाट थरापासून प्राणवायू मिळतो. आतल्या थरांना तो दृष्टिपटलाच्या मध्यवर्ती रोहिणीकडून, म्हणजे शुद्ध रक्त आणणाऱ्या वाहिनीकडून मिळतो. या रोहिणीच्या शाखा केसाहून बारीक केशवाहिन्यांत विभागतात, आणि वापरलेले रक्त त्यांतून नीलेच्या शाखांत व शेवटी मध्यवर्ती नीलेत जमा होते. ही दुहेरी व्यवस्था वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर आधारलेले आहे.

निचरा बंद पडतो

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. शेतात पाणी आणणारा पाट जितका महत्त्वाचा, तितकाच जादा पाणी काढून देणारा चरही महत्त्वाचा असतो. चर बुजला तर पाणी शेतात साचते, आणि पाणी भरपूर असूनही पिकाची मुळे गुदमरतात. दृष्टिपटलात रोहिणी हा पाट आहे आणि नीला हा चर. चर बुजण्याच्या या विकारास नीलावरोध असे म्हणता येईल.

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये नेत्रदर्शक हे उपकरण प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातील रक्तवाहिन्या वैद्यांना प्रथमच स्पष्ट पाहता येऊ लागल्या. त्यानंतर १८७८ मध्ये युलिउस फॉन मिशेल याने मध्यवर्ती नीलेत रक्त गोठल्याने उद्भवणाऱ्या रोगाचे वर्णन केले. फुगलेल्या, वेड्यावाकड्या नीला आणि सर्व दृष्टिपटलभर पसरलेले रक्तस्राव हे त्याचे चित्र एकदा पाहिले की विसरता येत नाही.

अवरोध दोन ठिकाणी होतो. दृष्टिपटलात ज्या जागी रोहिणी नीलेला ओलांडून जाते, तेथे दोघींवर मिळून एकच आवरण असते. रक्तदाबाने किंवा वयोमानाने रोहिणीची भिंत जाड व कठीण झाली की खालची मऊ नीला दबते, तेथील रक्तप्रवाह विस्कळीत होतो आणि गुठळी बनते. हा झाला शाखा-नीलेचा अवरोध. तो अधिक प्रमाणात आढळतो. दुसरी जागा म्हणजे दृष्टिमज्जा नेत्रगोलातून बाहेर पडते तेथील चाळणीसारखा पडदा. त्या अरुंद वाटेत मध्यवर्ती नीला बंद पडली, तर संपूर्ण दृष्टिपटलाचा निचरा थांबतो. अमेरिकेत १९८१ मध्ये अशा २९ डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्या सर्वांत गुठळी याच पडद्यापाशी किंवा त्याच्या किंचित मागे सापडली. काचबिंदूचा विकार असलेल्यांत हा अवरोध होण्याची शक्यता अधिक असते.

हा रोग विरळा नाही. २०१५ साली जगात ३० ते ८९ वर्षे वयाच्या सुमारे २ कोटी ८० लाख लोकांना तो झालेला असावा, असा एक अंदाज आहे. आपल्या देशात २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरील ४,७०० हून अधिक ग्रामस्थांचे डोळे तपासण्यात आले, तेव्हा शंभरात एकाहून किंचित कमी इतक्या जणांत नीलावरोध आढळला. प्रमाण लहान दिसते. परंतु देशाची लोकसंख्या लक्षात घेता एकूण संख्या लहान राहत नाही.

दोन प्रकारची इजा

नीला तुंबली की तिच्यामागील केशवाहिन्यांत दाब वाढतो. त्यांच्या भिंतींतून रक्तद्रव झिरपून दृष्टिपटलाच्या थरांत साठतो. हीच सूज. त्याच वेळी ताज्या रक्ताचा प्रवाहही मंदावतो व पेशींना प्राणवायू कमी पडू लागतो.

प्राणवायूस आचवलेले दृष्टिपटल कोणता तरी पदार्थ बाहेर सोडत असावे आणि त्या पदार्थामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटत असाव्यात, असा तर्क आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने १९४८ मध्ये मांडला होता. १९८३ मध्ये रक्तवाहिन्यांची झिरप वाढविणाऱ्या एका प्रथिनाचा शोध लागला. १९८९ मध्ये रक्तवाहिन्यांची वाढ घडविणारे प्रथिन वेगळे काढण्यात आले. आणि ही दोन्ही एकच असल्याचे दिसून आले. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून व्हीईजीएफ म्हणतात. आपण त्याला रक्तवाहिनी-वर्धक प्रथिन म्हणू. नीलावरोधात हे प्रथिन डोळ्यात मोठ्या प्रमाणावर तयार होते, झिरप आणखी वाढवते आणि सूज वाढत जाते.

म्हणजे दृष्टिपटलाला एकाच वेळी दोन इजा होत असतात. एक पाण्याची आणि दुसरी उपासमारीची. पाण्याने पेशी ताणल्या जातात, त्यांचे परस्परसंबंध ढिले होतात, आणि सूज दीर्घकाळ राहिली तर बाहेरच्या प्रकाशग्राही पेशीही बिघडतात. उपासमारीने, ज्या भागातील केशवाहिन्या कायमच्या मिटल्या त्या भागातील आतल्या थरांच्या पेशी मरतात. पाण्याची इजा वेळीच उपाय केल्यास बरीचशी भरून निघते. उपासमारीने मेलेली मज्जापेशी मात्र परत येत नाही, कारण मनुष्याच्या दृष्टिपटलात मेलेल्या मज्जापेशींच्या जागी नव्या पेशी तयार होत नाहीत.

येथेच कोड्याची पहिली उकल होते. सूज असताना यंत्र जी जाडी दाखवते, ती पेशी आणि पाणी यांची मिळून असते. पेशी कमी झाल्या असल्या तरी पाण्याने ती उणीव झाकलेली असते. पाणी ओसरले की उरलेले पीक किती, ते दिसू लागते.

जाडी कशी मोजतात

पूर्वी सुजेचा अंदाज वैद्याच्या नजरेवर अवलंबून असे. १९६१ मध्ये अमेरिकेतील नोव्होटनी आणि अल्व्हिस यांनी शिरेतून फ्लुरोसीन नावाचे चमकणारे रंगद्रव्य टोचून दृष्टिपटलातील रक्तप्रवाहाची छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रक्त कोठे झिरपते आणि केशवाहिन्या कोठे मिटल्या आहेत, हे तीमुळे समजू लागले.

थरांची जाडी मोजण्याचे साधन त्यानंतर तीस वर्षांनी मिळाले. विहिरीत हाक मारली असता प्रतिध्वनी किती वेळाने येतो यावरून पाण्याची खोली अजमावता येते. प्रकाशाच्या बाबतीत हीच युक्ती वापरावयाची, तर अडचण अशी की प्रकाशाचा वेग प्रचंड असल्याने परतीचा काळ घड्याळाने मोजणे शक्य नसते. म्हणून प्रकाशशलाकेचे दोन भाग करून एक भाग डोळ्यात व दुसरा आरशाकडे धाडतात, आणि परतलेल्या दोन्ही भागांच्या तरंगांचे व्यतिकरण पाहून कोणता किरण किती खोलीवरून आला ते ठरवितात. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णालयात तिला ओसीटी म्हणतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. रुग्णाने क्षणभर एका खुणेकडे पाहिले की थर उभे कापून ठेवावेत तसे चित्र उमटते.

उपचारांनी शिकविलेला धडा

१९८४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीने असे दाखविले की शाखा-नीलेच्या अवरोधात लेसर किरणांचे सौम्य ठिपके दिल्यास काही रुग्णांची दृष्टी सुधारते. तोच उपाय मध्यवर्ती नीलेच्या अवरोधात करून पाहण्यात आला. त्याचा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो विचार करण्यासारखा होता. लेसरने सूज कमी झाली, परंतु दृष्टी सुधारली नाही. सूज जाणे आणि दिसू लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वेळी स्पष्टपणे प्रत्ययास आले.

यानंतर डोळ्याच्या पोकळीत औषध टोचण्याची पद्धत रूढ झाली. प्रथम स्टेरॉइड द्रव्ये आली. ती सूज उतरवितात, पण त्यांच्यामुळे काहींत डोळ्यातील दाब वाढतो आणि मोतीबिंदू लवकर होतो. पुढे वर उल्लेखिलेल्या प्रथिनास निष्प्रभ करणारी औषधे तयार झाली. त्यांपैकी रॅनिबिझुमॅब या औषधाचे नीलावरोधावरील निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

मध्यवर्ती नीलेच्या अवरोधाचे ३९२ रुग्ण या चाचणीत होते. आरंभी त्यांच्या पीतबिंदूच्या मध्याची जाडी सरासरी ६८० मायक्रॉनच्या घरात, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून अधिक होती. दर महिन्यास पूर्ण मात्रेचे इंजेक्शन घेणाऱ्यांत ती सहा महिन्यांत सरासरी ४५२ मायक्रॉनने उतरली आणि जवळजवळ निरोगी डोळ्याइतकी झाली. दृष्टी तपासण्याच्या तक्त्यावर ते सरासरी सुमारे १५ अक्षरे, म्हणजे तीन ओळी, अधिक वाचू लागले. औषध न टोचता केवळ तसा आभास करण्यात आलेल्यांची वाढ एका अक्षराहूनही कमी होती. या औषधाने हजारो लोकांची दृष्टी वाचली, यात शंका नाही. तथापि याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पूर्ण मात्रा मिळालेल्यांपैकी शेकडा ४८ जणांनाच तीन ओळींचा किंवा अधिक लाभ झाला. जाडी सरासरीने पूर्ववत झाली, तरी उरलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना तेवढे यश मिळाले नाही.

सहा महिन्यांनंतर आभासी उपचाराच्या गटासही खरे औषध देण्यात आले. वर्षअखेरीस त्यांची सूज जवळजवळ पहिल्या गटाइतकीच उतरली होती. दृष्टीचा लाभ मात्र सुमारे ७ अक्षरांचाच झाला. आरंभापासून औषध घेतलेल्यांत तो सुमारे १४ अक्षरांचा होता. औषध तेच, उतरलेली जाडीही जवळपास तीच, परंतु लाभ निम्मा. मधल्या सहा महिन्यांत जे गेले, ते यंत्राच्या एका आकड्यात दिसत नव्हते.

कृशतेचा अर्थ

आता नेहमीपेक्षा पातळ झालेल्या दृष्टिपटलाकडे वळू. सूज उतरून जाडी निरोगी पातळीवर थांबली, तर ते स्वागतार्ह आहे. ती त्याखाली गेली, तर त्याचा अर्थ बहुधा असा की पाण्याबरोबर पेशीही गेल्या. ही कृशता सगळीकडे सारखी नसते. ज्या भागातील केशवाहिन्या मिटल्या आहेत, त्या भागात ती अधिक असते; आणि तेथे मुख्यतः आतले थर, म्हणजे गुच्छिका पेशींचा व त्याच्या शेजारचे थर, झिजलेले दिसतात. बाहेरच्या थरांना रंजितपटलाकडून पोषण मिळत राहते, म्हणून ते पुष्कळदा टिकून असतात. आधी सांगितलेल्या दुहेरी व्यवस्थेचा हा परिणाम होय.

शाखा-नीलेच्या अवरोधात हा फरक एकाच डोळ्यात पाहावयास मिळतो. पीतबिंदूच्या वरचा अर्धा भाग कृश आणि खालचा अर्धा भाग निरोगी, असे चित्र सामान्य आहे. कधी एका भागात सूज उरलेली असते आणि शेजारचा भाग झिजलेला असतो. अशा वेळी दोहोंची सरासरी काढली तर ती निरोगी आकड्याच्या जवळ येऊ शकते, आणि केवळ आकडा पाहणाऱ्याची फसगत होते.

म्हणून जाणते नेत्रवैद्य आज जाडीबरोबर थरांची ठेवणही वाचतात. ओसीटीच्या चित्रात प्रकाशग्राही पेशींच्या पातळीवर एक तेजस्वी रेषा दिसते. ती पीतबिंदूखाली अखंड असेल तर दृष्टी सुधारण्याची आशा अधिक. ती तुटलेली असेल तर आशा कमी. आतल्या थरांच्या सीमा एकमेकींत मिसळून गेल्या असतील, तर निरोप पोहोचविण्याची वाट तेथे मोडली आहे असे समजतात.

औषधावरील संशय

इंजेक्शने घेतल्यानंतर दृष्टिपटल पातळ झाले, तेव्हा ते इंजेक्शनांमुळेच झाले असावे, अशी शंका रुग्णाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शास्त्रज्ञांनीही ती क्षुल्लक मानलेली नाही. रक्तवाहिनी-वर्धक प्रथिन हे केवळ उपद्रवी नाही. २००७ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत ते प्राणवायूच्या अभावी मज्जापेशींचे रक्षण करते, असे आढळले होते. मग ते दीर्घकाळ दडपून ठेवणे कितपत निर्धोक, हा प्रश्न योग्यच आहे.

परंतु नीलावरोधापुरता विचार केला तर पुरावा रोगाकडेच बोट दाखवितो. पहिली गोष्ट, कृशता औषधाप्रमाणे सर्वत्र पसरत नाही. ती रक्तपुरवठा तुटलेल्या भागाच्या सीमा पाळते. औषध मात्र डोळ्याच्या पोकळीतून सगळीकडेच पोहोचत असते. दुसरी गोष्ट, १९८१ च्या ज्या तपासणीचा वर उल्लेख केला, तिच्यातील काही डोळ्यांत आतले थर झिजलेले आढळले होते, आणि त्या वेळी ही औषधे अस्तित्वातच नव्हती. तिसरी गोष्ट, उशिरा औषध मिळालेल्यांचे नुकसान अधिक झाले. औषध हेच मुख्य कारण असते, तर घडावयास हवे होते ते याच्या उलट.

यावरून असे दिसून येईल की इंजेक्शनाने दृष्टिपटल झिजविले असे म्हणण्यापेक्षा, इंजेक्शनाने पाणी काढून आधीच झालेली झीज उघडी केली, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. या भेदाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे. पातळ झाल्याच्या भीतीने जो रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतो, त्याची सूज पुष्कळदा परत येते, आणि प्रत्येक पुनरागमनाबरोबर उरलेल्या पेशींवर नवा ताण पडतो. उपचार कधी थांबवावा, हे त्याचे चित्र पाहून नेत्रवैद्यानेच ठरवावे.

वाचकांनी काय ध्यानात ठेवावे

नीलावरोधात डोळा बहुधा दुखत नाही. एका डोळ्याने एकाएकी धूसर दिसू लागते, किंवा दृश्याचा वरचा अथवा खालचा भाग झाकोळतो. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे पुष्कळांना ही गोष्ट कित्येक दिवस कळतही नाही. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा काचबिंदू असलेल्याने, मधूनमधून एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने पाहून घ्यावे. फरक जाणवल्यास चष्म्याचा नंबर बदलला असेल असे म्हणून दिवस काढू नयेत. नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी.

खर्चाच्या बाबतीतही परिस्थिती काहीशी आशादायक आहे. मूळ आतड्याच्या कर्करोगासाठी तयार झालेले बेव्हॅसिझुमॅब हे तुलनेने स्वस्त औषध मध्यवर्ती नीलेच्या अवरोधात सहा महिन्यांच्या अवधीत महागड्या औषधाच्या तोडीचे ठरते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६२ रुग्णांच्या चाचणीत दिसून आले.

सूज उतरल्यावरही तपासणी चालू ठेवावी लागते. रक्तपुरवठा फार तुटला असेल, तर पुढील काही महिन्यांत डोळ्याच्या पुढच्या भागात नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या फुटून वेदनादायक काचबिंदू होण्याचा धोका असतो. तो वेळीच ओळखला तर लेसर उपचाराने आवरता येतो. शिवाय एका डोळ्यात नीला तुंबली, ती बहुधा साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्यांच्या अवस्थेची सूचना असते. रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे हे दुसऱ्या डोळ्याच्या व हृदयाच्याही हिताचे आहे.

चर मोकळा झाला, पाणी ओसरले, म्हणजे शेत वाचले असे शेतकरी म्हणत नाही. पीक किती दिवस पाण्यात होते, हे तो आधी विचारतो. दृष्टिपटलाच्या बाबतीतही हाच प्रश्न निर्णायक आहे. जाडीचा आकडा पाणी किती उतरले ते सांगतो. दृष्टी किती उरली हे मात्र, मधले किती दिवस वाया गेले, यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.